तडकलेल्या बल्बचा गुन्हेगार

“सोमवारी अमेरिकन साहेब कारखाना बघायला येतील. बल्ब तडकवणारा गुन्हेगार तेव्हा माझ्यासमोर उभा पाहिजे. नाही सापडला, तर गेन्साकूला घरी पाठवीन!”

इवासे मालकांनी शेडमध्ये सगळ्या कामगारांसमोर हे फर्मान सोडलं. ओसाकाजवळ त्यांचा बल्बचा कारखाना होता. महायुद्ध हरून जपानला काही वर्षं लोटली होती. जपानी माल म्हणजे आज घ्या अन् उद्या फेका, अशी जगभर ख्याती होती. इवासेंचे बल्ब तर उद्याचीही वाट बघत नसत.

म्हणून मालक एका अमेरिकन तज्ज्ञाचं व्याख्यान ऐकून आले होते. हरलेल्याने जिंकलेल्याची शिकवणी लावली, त्यात वावगं काही नाही. पण मालकांना इंग्रजीचा गंध नव्हता. दुभाषी म्हणून त्यांचे जावई शेजारी बसले होते. साहेब तळमळून सांगत होते, “कामगारावर खापर फोडू नका. दोष बहुधा कारखाना चालवणाऱ्याच्या पद्धतीत असतो. तो शोधा.”

आता हे सासऱ्याच्या तोंडावर कोण बोलणार? जावईबापूंनी घसा खाकरला आणि म्हणाले, “साहेबांना आपला चहा फार आवडला. आणि दोष शोधा म्हणतात.”

मालक लागले शोधायला. साहेबांनी आलेख दाखवला होता, म्हणून भिंतीवर आलेख आला. ज्याचे बल्ब जास्त तडकतील, त्याची लाल रेघ लांब. सगळ्यांत लांब रेघ निघाली दाराशेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या गेन्साकूकाकांची. ज्योतीवर काचेचा फुगा फिरवता फिरवता त्यांचे केस पिकले होते. मालक पूर्वी दिवसातून एकदा फेरी मारायचे, ते आता कामगारांवर नजर ठेवायला तासातासाला येऊ लागले. रेघा वाढल्या. मालकांनी फेऱ्या आणखी वाढवल्या. रेघा आणखी वाढल्या!

शेडमध्ये झाडू मारायला किकुनो नावाची मुलगी होती. शेतकऱ्याची पोर, जिभेला हाड नाही. काकांनीच तिला इथे चिकटवलं होतं. तिला खरं तर ज्योतीपुढे बसायचं होतं, पण खेड्यातल्या पोरीच्या हातात झाडूच शोभतो, असं जावईबापूंचं मत पडलं. आता काकांची नोकरी जाणार म्हटल्यावर ती झाडूसकट पुढे आली.

“मालक, गुन्हेगार मला ठाऊक आहे. सोमवारी उभा करते.”

“आत्ताच नाव सांग.”

“आत्ता सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही. आधी शिक्षा तेवढी ठरवा.”

“शिक्षा? काम चालू असताना त्याने या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. पुन्हा कधीही!”

“कोणीही असला तरी?”

मालकांनी जावयाकडे एकवार पाहिलं. “माझ्या घरातला असला तरी. इवासेंचा शब्द आहे!”

जावईबापूंना उगाचच घाम फुटला.

सोमवारी साहेब आले. किकुनोने त्यांना शेडमध्ये एका कोपऱ्यात उभं केलं आणि जावईबापूंना त्यांच्याजवळ. मग ती बाहेर जाऊन मालकांना म्हणाली, “चला, रोजच्यासारखी फेरी मारा. फक्त दारात आलात की जरा थांबा आणि कान द्या.”

मालक दारात आले. लगेच सगळे कामगार ताडकन उठले. हातातलं काम टाकलं, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत वाकले. मालक पुढे सरकल्याशिवाय मान वर करायची नाही, ही तिथली जुनी रीत. गेन्साकूकाका तर दाराशीच, म्हणून सगळ्यांत आधी वाकले आणि सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिले.

टच्! काकांच्या मेजावर एक फुगा तडकला. टच्, टच्! पलीकडे आणखी दोन. एरवी बुटांच्या खाडखाडीत मालकांना हे कधी ऐकूच आलं नव्हतं.

“मालक, काच ज्योतीवर सारखी फिरवावी लागते,” किकुनो म्हणाली. “हात थांबला की ती तडकते. तुमची फेरी झाली की मला झाडू घ्यावा लागतो. ज्या दिवशी तुम्ही गावाला जाता, त्या दिवशी मी नुसती बसून असते.”

“पण गुन्हेगार कुठे आहे?”

“आत्ताच आत आला. दारात उभा आहे.”

मालकांनी वळून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. त्यांचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. गेन्साकूकाकांना वाटलं, आता आपल्याबरोबर हिचीही नोकरी गेली.

कोपऱ्यातले साहेब मात्र पोट धरून हसत सुटले. हसता हसता त्यांनी बरंच काही सांगितलं.

“काय म्हणतात?” मालक गुरगुरले.

“साहेबांना… आपला चहा आवडला.”

“जावईबापू,” किकुनो म्हणाली, “चहा अजून दिलाच नाही.”

तेव्हा कुठे जावईबापूंनी खाली मान घालून, व्याख्यानापासूनचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. मालकांनी दारातलं पाऊल मागे घेतलं.

“पोरी, शब्द म्हणजे शब्द. पण कधी मला माझाच कारखाना बघावासा वाटला तर?”

“या की मालक. फक्त माझा झाडू हातात घेऊन या. झाडूवाल्यापुढे इथे कोणी वाकत नाही!”

आधी मालकांचे खांदे हलले, मग पोट हललं आणि मग ते साहेबांपेक्षाही मोठ्याने हसले. त्यांनी भिंतीवरचा आलेख आपल्या हाताने उतरवला. गेन्साकूकाकांच्या शेजारी ज्योतीपुढे नवं स्टूल आलं, ते किकुनोचं. आणि झाडू रिकामा राहू नये म्हणून मालकांनी तो जावईबापूंच्या हातात दिला.