अळणी पाणी

“मग रोज दुपारी माझ्या उंबऱ्यात येऊन बसते, ती कोण?”

हिराजीने ताठ मानेने विचारलं. खाडीकाठच्या करीमशा फकिराचा हा शिष्य; पण गुरूचं ऐकेल तर शपथ! बायको चांगुणा गेली आणि गड्याने मीठ सोडलं. जन्म गेला मिठागरात, आणि खाणं अळणी! वर रांजणातलं पावसाचं पाणी ढोसायचा, तांब्यामागून तांब्या. पायांत गोळे यायचे, डोकं भणभणायचं. मग ती दिसायला लागली. ह्याला वाटलं, सिद्धीच मिळाली.

“काय म्हणते?” फकिराने विचारलं.

“चला म्हणते... खाडीत. आज जाणार आहे मी. आशीर्वाद द्या.”

फकीर उठला. त्याने काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घेतलं, अंडं फोडून नुसतं पांढरं त्यात सोडलं आणि ढवळलं.

पाणी गढुळलं. पांढरट तंतू वर चढले, एकमेकांत गुंतले. हिराजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आत कुणीतरी पदर सावरत होतं.

“चांगुणा!”

फकिराने चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा ढवळलं. हळूहळू पाणी निवळलं. आत कुणी नव्हतं.

“तुझं रक्तमांस ह्याच जातीचं, लेका. मीठ आहे तोवर पाण्यात नीट नांदतं; मीठ सुटलं की असं गढुळतं.”

“म्हणजे ती खोटी?” हिराजी कळवळला. “मीठ खाल्लं तर जाईल ती, बाबा! दुसऱ्यांदा जाईल!”

“खोटी कुठं म्हटलं मी?... जा. तिला रडव. डोळ्यांतलं पाणी जिभेला लाव. खारट लागलं, तर खुशाल जा तिच्यामागं.”

हिराजी तरातरा घरी गेला.

ऊन कलायच्या आत परतला. तोंड पांढरंफटक. बोट अजून ओलं होतं.

“रडली?”

“खूप रडली...”

“मग?”

“अळणी, बाबा... पावसाच्या पाण्यासारखं.”

त्याने तळहात पुढे केला. फकिराने त्यावर मिठाचा खडा ठेवला. हिराजीने डोळे घट्ट मिटून तो तोंडात टाकला आणि धाय मोकलून रडला. बिचारा कितीतरी वेळ रडत होता.

फकीर खाडीकडे बघत राहिला.

“माझं गेलेलं पोरही यायचं,” तो म्हणाला. “त्याचंही अळणीच होतं.”