ठकूमायची ओ

तुमच्या पणज्याचा पणजा रांगत होता ना, त्याच्याही आधीची ही गोष्ट. नीट बसा, आणि मधे बोलायचं नाही.

तेव्हाही आपला नवमाचीचा मुलूख एवढुसाच होता. डोंगराच्या नऊ माच्या आणि त्यांवरची नऊ गावं. ना राजा, ना किल्ला, ना वेस. पण एक रीत मात्र होती, जी खाली पठारावर कुठंच नव्हती. धुक्यात कुणी हाळी दिली की जवळच्या घरानं ओ द्यायची, आणि माणूस दारात येईपर्यंत देत राहायची. आला की आधी भाकरी. तो जेवल्यावरच विचारायचं, बाबा, तू कोण? त्याआधी नाव विचारणाऱ्याची नऊही गावांत छी-थू व्हायची.

सगळ्यात खणखणीत ओ ठकूमायची. कोंडगावची ही विधवा बाई, हातापायाच्या काड्या, पण आवाज असा की तीन दऱ्यांपलीकडची गाय चरता चरता मान वळवायची, असं म्हणतात. दिवसभर तोंड चालू. गाणं म्हणेल, शिव्या देईल, शेजारणीशी भांडेल आणि तिचीच गंमत करून तिला हसवेल.

तर पठारावर एक राजा होता. चहूकडचा मुलूख त्याचा, मधे एवढाच तुकडा नाही, हे त्याला दातात अडकलेल्या तंतूसारखं खुपायचं. त्यानं तीनशे शिपाई धाडले. म्हणाला, "गावं जाळा, माणसं हाकलून द्या, घाट ताब्यात घ्या."

ही खबर आली तेव्हा श्रावण होता आणि धुकं असं दाट की आपलाच हात आपल्याला दिसेना. सगळे लोक कोंडगावच्या देवळात जमले. म्हातारा येसू नाईक म्हणाला, "आपल्याला काय बी करायचं नाही. फक्त गप बसायचं. घारीच्या कड्यावर वाट फसवी हाय. ते हाळी देतील, ओ मिळणार नाही, आन् जातील दरीत." मग त्यानं सगळ्यांना देवापुढं शपथेचा भंडारा उचलायला लावला. जो ओ देईल, त्याची वाचा जाईल. सगळ्यांनी उचलला. ठकूमायनंही उचलला, खोटं कशाला बोलू?

दुपारी हाळ्या सुरू झाल्या. "कुणी हाय का? वाट दावा!" देवळात कुणी हललं नाही. मग दगड गडगडत गेल्याचा आवाज आला आणि मागोमाग एक कोवळा आवाज किंचाळला, "आये!"

ठकूमाय उठली.

"ठके, खाली बस!" येसू नाईक ओरडला. "वाचा जाईल तुझी! आन् ते वर आले तर आपली घरं जळतील!"

"जळतील तर जळतील, नाईक. बांधू पुन्हा," ती म्हणाली. "हाक ऐकून गप बसायचं, तर मला ही जीभ हवी कशाला?"

आणि ती धुक्यात गेली. कड्याच्या तोंडाशी उभी राहून तिनं ओ दिली. "कातळाला उजवा हात लावा रं! हात सोडू नका! या, या!" एकेक शिपाई आवाजाच्या धाग्यानं वर येत राहिला. दिवस मावळेपर्यंत ती हाका मारत होती. तीनशेवा माणूस वर आला आणि तिचा आवाज तुटला. तो पुन्हा कधी आलाच नाही.

आता आलेल्यांना हाकलणार कसं? बायांनी चुली पेटवल्या. नाचणीची टोपली त्या दिवशी रिकामीच झाली नाही, असं म्हणतात. मी म्हणते, नऊ गावच्या बायांचे हात भाजून निघाले, ते कुणी सांगत नाही.

सगळे जेवले. मग येसू नाईकानं शिपायांच्या सरदाराला विचारलं, "आता सांगा. कोण तुम्ही? कशापायी आलात?"

सरदारानं हातातल्या भाकरीच्या तुकड्याकडं पाहिलं. कोपऱ्यात मुक्यानं पाणी वाढणाऱ्या ठकूमायकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"वाट चुकलो होतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते सगळे खाली उतरून गेले. राजाला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण फौज पुन्हा आली नाही. ठकूमाय त्यानंतर वीस वर्षं जगली, एकही शब्द न बोलता. येसू नाईक रोज सकाळी तिच्या दारात येऊन म्हणायचा, "ठकूमाय, आज तुझं बोलणं माझ्याकडं," आणि धुकं असलं की स्वतः कड्यावर जाऊन ओ द्यायचा. दमला की दुसरा कुणी जायचा.

आजही नवमाचीत धुकं उतरलं की लोक कुणाच्या हाळीची वाट पाहत नाहीत. प्रत्येक घरातलं एकेक माणूस ओट्यावर येतं आणि आधीच ओ देतं. ठकूमायची ओ म्हणतात तिला. मग जरा थांबून सगळे कान देतात. खाली पठारावरची गावं आहेत ना, त्या शिपायांच्या वंशजांची, तिकडूनही ओ येते.