तुळसाकाकी मागे फिरली

फार पूर्वी, किनाऱ्याला रस्ते नव्हते आणि माणसं समुद्राच्या कडेकडेनं चालत जायची, त्या काळी एका गावात तुळसाकाकी नावाची सुईण राहत होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं.

सुईण म्हणून तिनं केलेलं पहिलंच बाळंतपण फार अवघड गेलं होतं. त्या दिवशी घाबरून ती दक्षिणेच्या भूशिरावरच्या देवीला बोलून गेली होती की या दोघांना वाचव, मी चालत तुझ्या पायांशी येईन. मायलेकी दोघीही वाचल्या. ती लेक मोठी झाली, तिला स्वतःची मुलं झाली, तरी काकीचं जाणं काही होईना. वाट सहा दिवसांची होती आणि यायला पुन्हा सहा. दर वर्षी माघातल्या यात्रेच्या सुमारास गावात कोणी ना कोणी दिवस भरत आलेली असायचीच. अशा वेळी सुईणीनं बारा दिवस गावाबाहेर राहायचं कसं?

मग एका वर्षी गावात गरोदर अशी एकटी वेणूच होती. काकीच्या अंदाजानं तिचे दिवस माघ वद्य अष्टमीनंतर भरणार होते. शुद्ध नवमीला सकाळी निघालं तर चतुर्दशीच्या संध्याकाळी देऊळ गाठता येत होतं. पौर्णिमेला पहाटे दर्शन घेऊन परत फिरलं की वद्य पंचमीला घर. काकीनं बोटांवर दोनतीनदा मोजून पाहिलं. दर वेळी ते बरोबर येत होतं.

वेणूचा नवरा माल भरलेल्या गलबतावर दूर गेला होता. घरात दुसरं माणूस नव्हतं. तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं आणि ती धास्ती अजून तिच्या मनातून गेली नव्हती. काकीनं बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली की तू जाच, इतकी वर्षं आमच्यापायी थांबलीस. पण काकी उठली तेव्हा तिनं काकीचा हात धरला.

"पंचमीला येशील ना?"

"पंचमीला दिवे लागायच्या आत तुझ्या दारात असेन," काकी म्हणाली. "मग देवी भेटो की न भेटो."

वाटेची माहिती घ्यायला काकी गावातल्या म्हाताऱ्या तांडेलाकडे गेली. सगळी हयात होडीवर गेलेला तो माणूस. त्याला किनाऱ्याचा दगडन् दगड ठाऊक होता. त्यानं वाळूवर काठीनं रेघा ओढून वाट दाखवली. वाटेत चार खाड्या होत्या. दोन खाड्या ओहोटीला गुडघाभर पाण्यातून ओलांडता येत, दोन ठिकाणी तरीशिवाय, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीशिवाय, इलाज नव्हता. ओहोटी रोज दोन घटका उशिरा येते, तेव्हा कुठल्या दिवशी कुठल्या खाडीवर कुठल्या वेळी पोचायचं तेही त्यानं तिच्याकडून पाठ करून घेतलं. डोंगराच्या सोंडेखालची खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, फक्त पौर्णिमेच्या आसपास, पाणी खूप ओसरल्यावरच पार होतात, तिथे घाई करू नकोस, असंही बजावलं.

सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "परत कुठून फिरणार?"

"देवळातून," काकीला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला.

"ते सगळं नीट झालं तर. मध्ये वारा सुटला, होडी अडली, पाय मुरगळला, मग? कधी फिरायचं ते इथे बसून ठरव, बाई. तिथे गेल्यावर पाय पुढेच ओढतात."

काकीनं रेघांवरून बोट फिरवत दिवस मोजले. मग म्हणाली, "पौर्णिमेला सकाळी. असेन तिथून."

नवमीला ती निघाली. गावातल्या बायांनी देवीच्या दिव्यासाठी घराघरातून चमचाचमचा तेल दिलं होतं. ते एका छोट्या बुधल्यात भरून तिनं पदराखाली बांधलं. पहिले तीन दिवस छान गेले. सकाळी ओल्या वाळूवरून चालायचं, ऊन तापलं की सुरूच्या किंवा उंडीच्या सावलीला बसून भाकरी खायची, संध्याकाळी एखाद्या देवळाच्या ओवरीत पथारी टाकायची. दुसऱ्या दिवशी तिला एक कुंभार नवराबायको भेटली, तीही देवीलाच निघालेली. सोबत झाली. कुंभारीण बोलकी होती. तिला मूल नव्हतं आणि त्यासाठीच ती चालली होती. काकीनं तिला चालता चालता शंभर गोष्टी विचारल्या, चार उपाय सांगितले, आणि दोघींची गट्टी जमली.

चौथ्या दिवशी तिसऱ्या खाडीवर वारा सुटला. पाणी असं उसळत होतं की तरीवाल्यानं होडी वाळूवर ओढून ठेवली आणि आज जमणार नाही म्हणून सांगून टाकलं. काकी दिवसभर काठावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला, होडी सुटली, पण एक दिवस गेला तो गेलाच.

पौर्णिमेची सकाळ उजाडली तेव्हा ती तिघं शेवटच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, चढून आली होती. समोर किनारा लांबवर वळत गेला होता आणि त्याच्या टोकाला भूशिरावर देऊळ दिसत होतं. पांढरं, हाताच्या नखाएवढं. खाली एक खाडी, मग वाळूची पुळण, मग चढण. संध्याकाळपर्यंत तिथे पोचता आलं असतं.

काकी उभी राहिली. तिनं तिथूनच हात जोडले आणि कुंभारणीला सांगितलं की मी आता फिरते.

कुंभारणीला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं काकीचा दंडच धरला. सव्वीस वर्षांचा नवस, आणि देऊळ डोळ्यांना दिसतंय. तिचा नवराही समजावू लागला. उद्या सकाळी निघालात तर षष्ठीला घरी पोचाल, असा हिशेब त्यानं मांडला.

"एका दिवसानं काय बिघडतंय, काकी? तूच म्हणालीस ना, तिला अजून अवकाश आहे म्हणून," कुंभारीण म्हणाली.

काकीलाही तेच वाटत होतं. वेणूचे दिवस अष्टमीनंतर भरायचे होते. षष्ठीला गेलं तरी चालण्यासारखं होतं. आणि पुढल्या वर्षी गुडघे साथ देतील की नाही, कोणी सांगावं? ती एका दगडावर टेकली. बराच वेळ ती देवळाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. मग तिनं पदर सोडला, बुधला काढला आणि कुंभारणीच्या हातात दिला.

"हे तेल देवीच्या दिव्यात घाल. गावाचं आहे, वाटेत राहायला नको."

"आणि तुझं काय सांगू देवीला?"

"वाटेवर आहे म्हणून सांग," काकी म्हणाली, आणि सडा उतरू लागली. वळणापर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. वळणावर मात्र पाहिलं.

परतीच्या वाटेवर त्याच तिसऱ्या खाडीत पुन्हा वारा भरला आणि पुन्हा एक दिवस मोडला. त्यामुळे काकी गावात शिरली ती बरोबर पंचमीला, सूर्य पाण्याला टेकत असताना. घरी न जाता, पायाची वाळूही न धुता ती सरळ वेणूच्या दारात गेली. वेणू उंबऱ्यावर बसलेली होती. तिनं काकीला पाहिलं आणि आत जाऊन पाय धुवायला गरम पाणी घेऊन आली.

षष्ठी गेली. सप्तमी गेली, अष्टमीही गेली. वेणूला काहीच होत नव्हतं. विहिरीवर बाया बोलू लागल्या. कोणी हळहळून म्हणायची की बिचारी देवळाच्या तोंडाशी जाऊन परत आली. कोणी म्हणायची, उगाच आली, दर्शन घेऊनही वेळेत पोचली असती. काकी ऐकून घ्यायची. नवमीच्या दुपारी ती एकटी किनाऱ्यावर जाऊन बसली, आणि सड्यावरून दिसलेलं ते पांढरं देऊळ आठवून तिला रडू आलं. आपण चुकलो, असं तिच्या मनानं घेतलं.

दशमीला सकाळी वेणूला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. काकीनं हलक्या हातानं चोळून चोळून ते वळवलं, पण त्यात दुपार टळली. काकीला काळजी होती ती वेणूच्या ताकदीची. मागच्या वेळी ती अर्ध्यातच गळून गेली होती, जोर द्यायला अंगात काही उरलंच नव्हतं आणि म्हणून बाळ हाती लागलं नव्हतं. या वेळी मात्र पोर तग धरून राहिली. काकी सांगेल तेव्हा जोर द्यायची, सांगेल तेव्हा थांबायची. ऊन उतरायच्या सुमाराला मुलगा झाला, आणि झाल्याबरोबर रडला.

सगळं आवरून झाल्यावर काकीनं तिला पेज पाजली. मनातलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"पाच दिवस आधी आले बघ मी. एक दिवस उशीर झाला असता तरी चाललं असतं."

वेणूनं मान हलवली.

"तू गेलीस त्यानंतर अकरा रात्री मला झोप नव्हती, काकी. डोळा लागला की वाटायचं, आताच सुरू होईल, आणि कोणीच नसेल. अन्न उतरत नव्हतं. पंचमीला संध्याकाळी तू दारात दिसलीस आणि त्या रात्री मी सकाळ होईपर्यंत झोपले. अशा पाच रात्री झोपले. पाच दिवस पोटभर जेवले." तिनं बाळाच्या पाठीवर हात ठेवला. "आज अंगात जी ताकद होती, ती त्यातली होती. पंचमीला तू दिसली नसतीस, तर माझा धीरच सुटला असता, मग षष्ठीला आलेली तू मला खरी वाटली नसतीस."

काकीनं पेजेचं भांडं बाजूला ठेवलं. तिनं बाळ उचललं, दुपट्यात नीट गुंडाळलं आणि दारात उतरत्या उन्हात त्याला मांडीवर घेऊन बसली.

तात्पर्य: वेळेवर पाळलेला शब्द कधी वाया जात नाही, काम पडायच्या कितीतरी आधीपासून तो कोणालातरी आधार देत असतो.