पियानो लिहून आण

एकदा एका ट्रम्पेट शिकणाऱ्या तरुणाने थोर जॅझवादकांच्या दोनशे सुरावटी पाठ केल्या. उन्मेष त्याचे नाव. जॅझमध्ये मूळ धून वाजवून झाली, की वादकाने त्या घटकेला सुचेल ते वाजवायचे असते. आपल्यालाही तसे सुचावे म्हणून त्याने जुन्या रेकॉर्ड पुन्हापुन्हा लावल्या, एकेक सुरावट कानाने टिपली आणि ओठ सुजेपर्यंत घोटली. असा कष्टाळू शिष्य शोधून सापडायचा नाही.

त्याचे वृद्ध गुरू मास्टर कायतान बँडमधली आपली जागा त्यालाच देणार होते. पण रविवारच्या तालमीत विपरीत घडले. उन्मेषने एकामागून एक सुरावटींचा सपाटा लावला. एकही सूर चुकला नाही, तरी पियानो वाजवणाऱ्या ब्रागांझांनी मध्येच हात उचलले.

"मास्टर, हा आमच्याबरोबर वाजवतच नाहीये. शनिवारच्या मैफलीत याला नको."

उन्मेषचा चेहरा पडला. चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. मास्टर त्याला एवढेच म्हणाले, "तुझी सगळ्यात आवडती रेकॉर्ड घे. शुक्रवारपर्यंत ट्रम्पेटला हात लावायचा नाही. त्या रेकॉर्डमधला नुसता पियानो लिहून आण."

मैफल तोंडावर आलेली, आणि गुरू वाद्यच काढून घेतात! उन्मेष मनातून चिडला. पण त्यांचा शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता. तिसऱ्या दिवशी लिहिता लिहिता त्याची पेन्सिल थांबली. जी सुरावट त्याने हजारदा घोटली होती, तिच्या क्षणभर आधी पियानोवाल्याने दोन सूर हळूच सोडले होते. तेच दोन सूर उचलून त्या थोर वादकाने आपली सुरावट बांधली होती. चार वर्षांत हे उन्मेषला कधी ऐकूच आले नव्हते.

तो धावतच गुरूंकडे गेला. "मास्टर, तो उत्तर देत होता!"

मास्टरांचा चेहरा खुलला. "तुझ्या दोनशेही सुरावटी अशीच कुणाला तरी दिलेली उत्तरं आहेत, बाबा. पाठ केलंस हे फार चांगलं केलंस. त्याशिवाय ही भाषा तोंडी बसत नाही. मीसुद्धा असंच घोकलंय. पण पाठ केलेलं बोलायच्या नादात समोरच्याचं ऐकायचं राहून जातं. थोरांचं बोलणं तुला आलं. आता त्यांचं ऐकणं शीक."

शनिवारी मास्टरांच्या आग्रहाखातर ब्रागांझांनी त्याला एक धून वाजवायला दिली. आपली पाळी आली तेव्हा उन्मेष गप्पच राहिला. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. ब्रागांझांनी तीन सूर टाकले. उन्मेषने ते अलगद उचलले, एका पाठ सुरावटीचा तुकडा त्यांना जोडला, आणि त्यापुढे जे उमटले ते कुठल्याही रेकॉर्डवर नव्हते. ब्रागांझा मान डोलावत त्याच्या मागून जात राहिले. ते ऐकणाऱ्यांचे भाग्य मोठे.

मैफल संपल्यावर मास्टरांनी विचारले, "ते शेवटचं कुणाचं होतं रे?"

उन्मेषने पियानोपाशी बसलेल्या ब्रागांझांकडे बोट दाखवले. "यांचंच, मास्टर. मी फक्त हो म्हणालो."