हत्तीचा ठसा आणि शिमग्याचं सोंग

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की राजाचं नावही कुणाला आठवत नाही. पण सांगताना माझं डोकं अजून तापतं.

एका गावात गुळाचा एक व्यापारी होता. त्याच्या प्रत्येक ढेपेवर हत्तीचा ठसा असे. हत्ती दिसला की लोक डोळे मिटून गूळ घेत, कारण गूळ खरोखर चोख होता.

एकदा एका लबाडाने तसाच ठसा कोरून घेतला आणि काळा, मळीचा गूळ हत्तीच्या नावावर खपवला. व्यापारी राजाकडे गेला. राजाने लबाडाला दंड केला, त्याचा ठसा फोडला आणि हुकूम काढला, "हा हत्ती या व्यापाऱ्याशिवाय कुणी वापरायचा नाही."

योग्यच केलं. दुसऱ्याचं नाव चोरणारा त्याचा घाम चोरतो.

पण हुकूम मिळाला आणि व्यापाऱ्याच्या डोक्यात हवा गेली. आता हत्ती आपलाच, मग विचारणार कोण? वजन वाढावं म्हणून तो गुळात वाळू मिसळू लागला. पुढे तर खडेही सापडू लागले.

शिमगा आला. त्या गावची रीत अशी, की शिमग्यात सोंगाड्याने कुणाचंही सोंग आणावं, अगदी राजाचंसुद्धा; आणि ज्याचं सोंग निघेल त्याने हसून सोंगाड्याच्या हाती नारळ द्यावा.

गावच्या सोंगाड्याने गोणपाटाचा हत्ती केला. मुळ्याचे सुळे लावले. हत्तीने चौकात गूळ खाल्ला आणि कडकन दोन्ही सुळे मोडले!

"अगं आई गं!" हत्ती ओरडला. "शेटजी, गूळ दिलात की वीट?"

अख्खा चौक पोट धरून हसला. व्यापाऱ्याने मात्र नारळ दिला नाही. तो तडक राजाकडे गेला. "महाराज, माझा हत्ती चोरला!"

सोंगाड्याला पकडून आणलं. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, मी गुळाचा खडा तरी विकला का? माझं गोणपाट बघून कुणी फसलं का? समोर एक माणूस उभा करा, मी आपणहून गाव सोडतो."

राजाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "हत्ती तो हत्ती. हुकूम तो हुकूम."

सोंगाड्याची सोंगं चौकात जाळली. त्यात त्याच्या आजाने केलेले मुखवटेही होते. बायकोचा हात धरून तो वेशीबाहेर गेला. आणि काल पोट धरून हसणारे? सगळे मूग गिळून उभे होते. लाज वाटायला हवी होती!

लोकांनी मुकाट्याने तो गूळ घेणं सोडलं. पण वाईट म्हणायची कुणाची छाती होईना. मग व्यापाऱ्याने उरलेल्या सगळ्या ढेपा राजवाड्याच्या कोठारात विकल्या.

सणाच्या पंगतीत राजाने गुळाचा खडा तोंडात टाकला. कडकन आवाज झाला. पुढचा दात तळहातावर पडला.

"हे कुणाला ठाऊक होतं?" राजा गरजला.

वाढायला उभी असलेली म्हातारी तेवढी बोलली. "सगळ्यांना, महाराज. सांगणारा एकच होता. त्याला तुम्ही हाकललंत."

व्यापाऱ्याचा ठसा त्याच दिवशी फुटला. सोंगाड्याला बोलवायला घोडेस्वार धावला. सोंगाड्याने निरोप पाठवला, "राजवाड्यात आता खराच दात पडलाय. माझ्या सोंगाची गरज काय? आणि माझे मुखवटे परत कोण देणार?"

राजाने नवा हुकूम काढला, "दुसऱ्याच्या ठशाने माल विकेल तो चोर. ठशाची थट्टा करेल तो चोर नव्हे." हुकूम चांगला होता, पण फार उशिरा आला.

पुढच्या शिमग्याला राजा स्वतः हातात नारळ घेऊन चौकात उभा राहिला. सकाळ गेली, दुपार गेली. कुणीही सोंग घेऊन पुढे आलं नाही. दिवस मावळताना राजा तोच नारळ घेऊन परत गेला.

तात्पर्य: ठसा चोरणाऱ्याला जरूर धरा, पण ठशाला हसणाऱ्याला सोडा, कारण जिथे हसायची चोरी, तिथे लबाडीला मोकळं रान.