थांबवलं की सापडेना

कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सरपोतदार सरांचा दरारा होता. प्रोग्राम ओळीओळीला थांबवून तपासणाऱ्या डीबगरवर त्यांचा फार जीव. त्यांच्या हाताखालची हेमांगी तांडेल मात्र प्रोग्राममध्ये जागोजागी "गाडी शोधतोय", "गाडी दिली" असं छापणाऱ्या साध्या ओळी टाकायची. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "हे शाळकरी चाळे सोड आता!"

सोमवारी त्यांचा रुग्णवाहिका पाठवणारा प्रोग्राम सुरू व्हायचा होता, पण चाचणीत दोन रुग्णांचे फोन एकदम आले की तो दोघांनाही एकच गाडी द्यायचा. सर दिवसभर डीबगर लावून बसले. दर वेळी गाड्या अगदी बरोबर निघाल्या.

"चूक नाहीच," सर वैतागून म्हणाले.

हेमांगीनं तिच्या ओळी टाकल्या आणि प्रोग्राम न थांबवता पळवला. पडद्यावर उमटलं, की पहिल्या रुग्णाला गाडी देण्याआधीच दुसऱ्यासाठीही तीच गाडी मोकळी धरली गेली होती.

"मग ही चूक मला कशी दिसली नाही?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही एकेका फोनला थांबवून पुढे सोडत होता, दोन्ही एकदम धावलेच नाहीत," हेमांगी म्हणाली. "चौकात पोलीस उभा असला की कोण सिग्नल तोडतो?"

सगळे हसले, आणि जरा वेळानं सरही.