उशाशी लावलेलं निरांजन

“…म्हणजे विषय पुरता यायला हवा, की तो सोपा करून सांगता यायला हवा? अक्का, मला दोन्ही एकदम साधत नाहीये हो.”

अक्का मठातल्या खाटेवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. नाकाशी प्राणवायूची नळी, शेजारी घरघरणारं यंत्र.

विचारत होती त्यांची शिष्या, शर्वाणी.

अक्का दवाखान्यात होत्या, तेव्हा शर्वाणी नवस बोलली होती. त्या मठात परतल्या, की श्रावणभर त्यांच्या उशाशी दिवा लावीन. अक्का परतल्या. आज श्रावण लागला. आल्याआल्या तिनं पाय धुतले, निरांजनात तूपवात घातली, ते उशाशी लावलं आणि मगच पिशवीतले कागद काढले.

हे यंत्र तिच्याच कारखान्यात तयार होई. त्याच्याबरोबर घरोघरी जाणारी माहितीपुस्तिका तिनं लिहिली होती आणि उद्या ती छापायला जायची होती. इंजिनिअर म्हणत, एकही मुद्दा गाळू नको. विक्रीवाले म्हणत, गोड लिही, गिऱ्हाईक घाबरता कामा नये. तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. चुकलं, तर ते कुणाच्या तरी आजारपणात चुकणार होतं.

“वाच,” अक्का म्हणाल्या.

तिनं सर्वांत जोखमीचं वाक्य निवडलं. “उपकरणाच्या परिसरात ज्वलनाचा कोणताही उघडा स्रोत ठेवू नये.”

“तुझ्या साहेबांना कळलं हे?”

“हो. त्यांनीच मंजूर केलं.”

“त्यांना धाप लागते का गं?”

शर्वाणी ओशाळून हसली. मग तिनं जीव ओतून समजावलं. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पांघरुणात, लुगड्यात मुरून राहतो. मग एवढीशी ठिणगीही पुरते, आणि माणसाला अंथरुणातून उठायलासुद्धा सवड मिळत नाही.

“येतं की तुला सगळं. सांगितलंसही छान…”

अक्कांची नजर निरांजनावर गेली. तिथेच राहिली.

त्यांना दिवा आवडला, असं वाटून शर्वाणीनं वात जराशी पुढे सारली. ज्योत मोठी झाली.

अक्कांनी हात लांबवून यंत्र बंद केलं. घरघर थांबली. मग नळी काढून बाजूला ठेवली.

“अक्का, अहो, नळी…”

त्या उठल्या होत्या. निरांजन हातात, दुसरा हात भिंतीला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. उंबऱ्याबाहेर जाऊन त्यांनी उरलासुरला दम गोळा केला आणि ज्योतीवर फुंकर घातली.

देवाचा दिवा. तोंडानं फुंकलेला.

शर्वाणीच्या माहेरी ‘दिवा विझला’ असं म्हणायचीसुद्धा चोरी होती. तिनं दचकून अक्कांकडे पाहिलं, मग उशाकडे, मग हातातल्या कागदाकडे.

“मीच लिहिलं हे… आणि मीच लावला. मला तो दिवा वाटला, अक्का. ज्वलनाचा स्रोत वाटलाच नाही.”

अक्कांकडे बोलण्याइतका श्वासच नव्हता.

तिनं त्यांना धरून खाटेवर बसवलं, नळी लावली, यंत्र सुरू केलं आणि त्यांचे पाय धरून बसून राहिली. ओठांवरची निळसर झाक हळूहळू ओसरली…

“आणि माझा नवस?” तिनं भीतभीत विचारलं.

अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“इथला मी फुंकला… बाकीच्या घरांतले तू फुंक.”